मुंगूस आणि नॉस्टॉक: तुलनेचा प्रकल्प हाती घेताना

बीएस्सीला हा विषय मिळाला की बहुतेक मुलं आधी दोन रकाने आखतात: इकडे मुंगसाच्या पेशीत केंद्रक आहे, तिकडे नॉस्टॉक या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या (सायनोबॅक्टेरियाच्या) पेशीत नाही. ते एका परिच्छेदात उरका. खरा प्रश्न आहे ‘एक जीव’ कशाला म्हणायचं हा. बांधावरून पळालेलं मुंगूस एक, यात वाद नाही. नॉस्टॉकचा मात्र गोळा मोजायचा, धागा की पेशी? हे आधी वहीत लिहून ठेवा, नाहीतर शेवटी आकड्यांना अर्थच उरत नाही.

सोलापुरात नॉस्टॉक शोधायचं तर जूनचे पहिले दोन-तीन पाऊस होऊ द्या. उघड्या माळावर ते भिजवलेल्या मनुक्याच्या सालीसारखं दिसतं, काळपट हिरवं आणि बुळबुळीत. उन्हाळ्यात त्याचीच काळी, कुरकुरीत पापडी होते. पाण्यात टाकली की फुगते.

स्लाइडवर मोहरीएवढाच तुकडा घ्या, थेंबभर पाणी घाला, कव्हरस्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकानं हलकं दाबा. तुकडा मोठा झाला तर धागे सुटत नाहीत, नुसता काळा डाग दिसतो. 40 च्या ऑब्जेक्टिव्हखाली मण्यांच्या माळा दिसतील. मधेच एखादा मणी फिकट, जाड भिंतीचा, शेजारच्या पेशींना जोडतो तिथं चमकता ठिपका असलेला: तो हेटरोसिस्ट. अकिनीट, म्हणजे वाईट काळ काढण्यासाठी जाड झालेली पेशी, दाणेदार असतो; गल्लत इथंच होते.

दहा धाग्यांत मिळून किती पेशींमागे किती हेटरोसिस्ट, ते मोजा. युरिया पडलेल्या उसाच्या बांधावरचा नमुना नको. नायट्रोजन आयता मिळाला की हेटरोसिस्ट फारसे तयारच होत नाहीत. हवेतला नायट्रोजन बांधणं हे त्यांचं काम. त्यासाठी ऑक्सिजन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून भिंत जाड. साखर शेजारच्या पेशी पुरवतात आणि पक्व हेटरोसिस्ट पुन्हा विभागत नाही. मुंगसाची स्नायूपेशीही अशीच शरीरासाठी राबते, पिल्लांत उतरत नाही. तुलनेचा गाभा हाच आहे. फरकही इथंच सापडतो: नॉस्टॉकच्या धाग्याचा तुटलेला तुकडा नवी वसाहत उभी करतो.

मुंगसाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पिंजरा लावायचा नाही. नान्नजच्या अभयारण्यात जायचं तर आधी वनविभागाची परवानगी काढा. एरवी सकाळी दुर्बीण घेऊन बांधावर बसा आणि ठसे बघा: नखं उमटतात, पण पाचवं लहान बोट मऊ मातीतच दिसतं. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. एकाच बांधावर तीनदा मुंगूस दिसलं तर नोंदी तीन लिहा, मुंगसं तीन लिहू नका.