परवाना नको, भाव लावा: गेममध्ये क्लास बांधायला शिकणाऱ्यांसाठी

गेम डिझाइन शिकायला लागलेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात बारा क्लास, म्हणजे खेळाडूनं निवडायचे पात्रांचे प्रकार, लिहून आणतं. योद्धा, तिरंदाज, जादूगार, वैद्य, मग अग्नियोद्धा, हिमयोद्धा. त्यातले आठ म्हणजे निव्वळ कपडे बदललेले. सुरुवातीला तीनच्या वर जाऊ नका. 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ निघाला तेव्हा त्यातही तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. चोर आला तो पुढच्या वर्षी.

नावं, चित्रं, पूर्वेतिहास हे सगळं नंतर. आधी प्रत्येक क्लाससाठी एक वाक्य लिहा: याला सहज जमणारी कोणती गोष्ट बाकी दोघांना महाग पडते? 'जमतच नाही' असं लिहायचा मोह आवरा, 'महाग पडते' असंच लिहा.

हा फरक समजून घ्यायला विदर्भातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच घालायचा, व्यापाऱ्याला विकायची बंदी. बाहेर भाव चढला की तोच कापूस रातोरात मध्य प्रदेशात जायचा. गुन्हा होता, तरी जायचा. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून आणि पुढे 1994 साली स्थापलेल्या स्वतंत्र भारत पक्षातून मांडलेला खुल्या बाजाराचा विचार शेतकऱ्यांच्या अशाच अनुभवांतून आलेला. तो आकाशातून पडलेला नव्हता.

गेममध्ये नेमकं हेच घडतं. 'तलवार फक्त लोहारच बनवू शकतो' असं कुलूप लावलं की खेळाडू दुसरं खातं उघडतो, त्यात लोहार काढतो आणि स्वतःलाच तलवार पाठवतो. तुम्हाला वाटतं लोहाराला मान मिळाला. प्रत्यक्षात तो गोदामात उभा केलेला बिनचेहऱ्याचा नोकर झालेला असतो.

मग सगळं मोकळंच सोडावं का? इथे स्वातंत्र्यवादी मित्र घाई करतात. 'स्कायरिम' या गेममध्ये क्लास नाहीत. अठरा कौशल्यं आहेत, जे वापराल ते वाढतं, आणि एक वाढवलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही. परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे: जादूगार व्हायला निघालेला माणूस शेवटी अंधारात दबा धरून बाण मारत बसतो. लपून मारलेल्या बाणाला जादा नुकसान, शिवाय शत्रू जवळ येईपर्यंत निम्मा मेलेला. सगळ्यांना सगळं फुकट मिळालं की सगळे एकाच वाटेनं जातात. निवडीला किंमत नसेल तर तिला निवड कशाला म्हणायचं? 'अल्टिमा ऑनलाइन'मध्येही (1997) क्लास नव्हते, पण एका कौशल्याची मर्यादा 100 आणि सगळी मिळून 700. म्हणजे सात कौशल्यं पूर्ण, आठवं हवं तर एखादं उतरवा. कुलूप कुठेच नाही, आणि टंचाई मात्र खरी. आमच्या मते हेच जास्त प्रामाणिक.

तुमच्या पहिल्या गेमसाठी असा हिशेब मांडा. एकूण 60 पॉइंट, आणि कौशल्याच्या प्रत्येक पातळीची किंमत तिच्या आकड्याइतकी: पहिली 1 ला, दुसरी 2 ला, दहावी 10 ला. दहाव्या पातळीपर्यंत एकूण 55 लागतात. म्हणजे एका कौशल्यात उस्ताद, नाहीतर चार कौशल्यांत पाचपर्यंत, कारण पाचव्या पातळीपर्यंतचे 15 आणि चार वेळा 15 म्हणजे 60. प्रत्येक पातळी 1 पॉइंटलाच ठेवली तर 60 पॉइंटांत सहा कौशल्यांत उस्ताद होता येतं, आणि खेळ तिथेच मेला. क्लास म्हणजे मग फक्त सुरुवातीचं भांडवल: योद्ध्याला तलवार चौथ्या पातळीपर्यंत आधीच मिळालेली, म्हणजे 10 पॉइंट वाचले. 'डार्क सोल्स'मध्ये साधारण असंच आहे. सुरुवातीचा क्लास आकडे ठरवतो, पुढची वाट तुमची.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती जागा. नवशिका सेकंदाला होणारं सरासरी नुकसान सारखं करतो आणि समतोल साधला म्हणून निवांत होतो. तलवार दर 1.5 सेकंदाला 12, धनुष्य दर 2.5 सेकंदाला 20. दोन्हीकडे सेकंदाला 8. पण अंतर 20 मीटर आणि योद्ध्याचा वेग सेकंदाला 4 मीटर धरा. पोचायला 5 सेकंद, तोवर पहिला बाण लगेच आणि दुसरा 2.5 ला. 40 नुकसान फुकटात. शिवाय शत्रूचा जीव (मरेपर्यंत तो सोसू शकतो तेवढं नुकसान) 20 असेल तर बाण एकात संपवतो, तलवारीला दोन घाव लागतात. जीव 24 केला की दोघांनाही दोन लागतात आणि तलवार एक सेकंद आधी मोकळी होते. फक्त 4 नं पारडं फिरलं! म्हणून शत्रूचा जीव ठरवल्याशिवाय शस्त्राचा आकडा पक्का करू नका.

बाजारभक्तांसाठी एक कडू गोळी. 'डायब्लो 3'मध्ये खऱ्या पैशांनी वस्तू विकत घ्यायचा लिलाव होता. राक्षस मारून वस्तू शोधण्यापेक्षा विकत घेणं सोपं पडू लागलं, आणि शोधणं हाच तर खेळ होता. कंपनीनं 18 मार्च 2014 ला तो बंद केला. गेममध्ये जमीन, पाऊस, भाव सगळं डिझायनरच ठरवतो. नियोजन आयोग तुम्हीच आहात, हे विसरून 'बाजार ठरवेल' म्हणणं म्हणजे पळवाट.

चाचणीला संगणक लागत नाही. चौकटीची वही, दोन फासे, नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर तीन मित्र आणि तर्री पोहे एवढ्यावर भागतं. नियम एकदाच वाचून दाखवा आणि मग गप्प बसा. किमान दहा लढाया झाल्याशिवाय आकडा बदलू नका, आणि एका वेळी एकच बदला. दोन बदलले की कशानं काय झालं ते कळत नाही. तिघांनीही आपापल्या मर्जीनं एकच क्लास घेतला तर त्याला लगेच कमजोर करू नका; आधी बाकीचे दोन कुठे महाग पडतात ते विचारा.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत अर्ज करताना देखणी पात्रचित्रं पाठवण्यापेक्षा एक पानी क्लासपत्रक आणि बदलांची शीट पाठवा. चार रकाने पुरेत: तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कारण. कारणाच्या रकान्यात 'जास्त वाटला' असं लिहू नका. 'दहापैकी नऊ लढाया तिरंदाज जिंकला, सुरुवातीचं अंतर 20 वरून 12 मीटर केलं' असं लिहा.