गंजलेला स्क्रू फिरेना, खाच झिजली: अँप्लिफायर असा उघडला

सांगलीच्या २०१९ च्या पुरात भिजलेला मंडळाचा अँप्लिफायर. मागच्या पत्र्याचा एक स्क्रू हलेना, खाच झिजून गोल. पकड यावी म्हणून खाच आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मध्ये रबरबँड दाबून पाहिला, तुटला. खोबरेल तेलाने काही होत नाही. नुसता डोक्याला ताप.

चाललं ते असं. प्लग काढून रात्रभर ठेवला. कारण कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो. सोल्डरिंग आयर्नचं (डाग द्यायचं अवजार) तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवलं. पूर्ण गार झाल्यावर सुईने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब (स्प्रे नको, आत सर्किटवर उडतो). तासाभराने बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर उभा धरून हातोडीचे हलके टोले. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने. कर्र वाजलं की उलटं. पाव-पाव फेरा, पुढे-मागे. तांबडा भुगा सांडत निघाला. जागी स्टेनलेसचा बसवला.