सरकारी ऑफिसला लाकडी फ्रेम पुरवायच्या असतील तर

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, कुठल्याही सरकारी ऑफिसात किंवा झेडपीच्या शाळेत जा, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि संविधानाची उद्देशिका दिसतेच. ती फ्रेम बहुतेक वेळा आपल्यासारख्याच एखाद्या मिस्तरीच्या हातची असते, आणि बिल मात्र भलत्याच पुरवठादाराच्या नावावर निघतं. आमच्या दुकानातूनही बरीच वर्षं असाच माल जात होता. पुढे आम्ही स्वतः कोटेशन भरायला लागलो. जी पोरं या धंद्यात नवी आहेत आणि सरकारी काम घ्यावं की नाही अशा विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाकडातलं आपल्याला कळतं, पण ते कागदावर उतरत नाही, म्हणून काम हातचं जातं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्राकडच्या नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर ऑनलाइन आणि फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइट आणि एजंट भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. खरी मेख फॉर्मच्या आत आहे. तिथे धंद्याचा प्रकार विचारतात. बाजारात दुकान आहे म्हणून पुष्कळजण किरकोळ विक्री निवडतात, आणि तिथेच घात होतो. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं जे खरेदी धोरण आहे, ते माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या व्यापाऱ्याला त्याच्या सवलती नाहीत. तुम्ही स्वतः पट्टी कापता, जोडता, पॉलिश करता, म्हणजे तुम्ही उत्पादक आहात. लाकडी फ्रेम बनवणं एनआयसीच्या, म्हणजे धंद्यांच्या सरकारी वर्गवारीच्या, १६२९ या गटात येतं, लाकडाच्या इतर वस्तूंमध्ये. तेच निवडा. बिलावर मालाचा जीएसटी कोड, म्हणजे एचएसएन, ४४१४ येतो. जीएसटीचा दर मात्र बिल करण्याआधी सीएकडून दर वेळी खात्री करून घ्या, कारण दर बदलत असतात.

या धोरणात आपल्यासाठी काय आहे? केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची असते. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. निविदेचा फॉर्म फुकट मिळतो, बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ असते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. समजा, एखाद्या मोठ्या पुरवठादाराचा दर सगळ्यात कमी, १००० रुपये आला आणि तुमचा ११४० आहे. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, म्हणून त्याच १००० ला माल द्यायची तयारी दाखवलीत तर ऑर्डरचा काही भाग तुम्हाला मिळू शकतो. परवडत असेल तरच हो म्हणा. नुकसानीतली ऑर्डर घेऊन नाव होत नाही.

खानदेशात केंद्राचे खरेदीदार कमी नाहीत. भुसावळला रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद हे राज्याकडचे. तिथे उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदीची नियमपुस्तिका चालते. केंद्राच्या सवलती राज्याच्या निविदेत जशाच्या तशा असतील असं धरून चालू नका, प्रत्येक निविदा वेगळी वाचा. निविदा दोन ठिकाणी बघायच्या: सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आणि राज्याचं महाटेंडर्स. महाटेंडर्सवर डिजिटल सही लागते, ती आधीच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी सर्व्हर दगा देतो. फॉर्म भरणं जमत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, लाजू नका.

आता खरं काम, मोजमाप वाचणं. निविदेत नुसतं '१८ बाय २४ इंच लाकडी फ्रेम' एवढंच लिहिलेलं असतं. हे माप कशाचं? चित्राचं, बाहेरून बाहेर फ्रेमचं, की काचेतून दिसणाऱ्या भागाचं? तिन्हीत पट्टी वेगवेगळी लागते. दर भरण्याआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. चित्राचं माप असेल तर चित्राच्या परिमितीत पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवा, कारण चारही कोपरे ४५ अंशांत कापले जातात. १८ बाय २४ ची परिमिती ८४ इंच. पट्टी २ इंची असेल तर १६ इंच आणखी, म्हणजे एका फ्रेमला १०० इंच, आठ फूट चार इंच. करवतीची नासाडी वेगळी. सात फुटांवर हिशोब करून २०० फ्रेमचा दर दिला, तर जवळजवळ २६७ फूट पट्टी घरची जाते.

लाकडाचं तर काय सांगू! सागवान म्हटलं की सगळे दराकडे बघतात, लाकूड किती वाळलंय हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दोन महिन्यांत पावसाळी ओल येते. लाकूड रुंदीत आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कोपरा आतल्या बाजूने उघडतो, पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने. तपासणीला आलेल्या साहेबांना लाकूड कळत नसेलही, पण फट दिसते. म्हणून ओलावा मोजायचं मीटर घ्या. घरात टांगायच्या वस्तूला ८ ते १२ टक्के ओलावा चांगला. रुंद पट्टीला नुसत्या फेव्हिकॉल आणि खिळ्यावर विसंबू नका, कोपऱ्यात खाच काढून लाकडाची चिप बसवा. आणि हे सगळं कोटेशनसोबतच्या पत्रात लिहा: लाकूड कोणतं, ओलावा किती, जोड कसा, काच किती मिलिमीटर, पाठीला काय. निविदेत 'लाकडी' एवढंच असेल, तर कोणीतरी एमडीएफवर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या बोर्डवर, लाकडाचा कागद चिकटवून तुमच्यापेक्षा स्वस्त देणारच. आधीच लेखी विचारा: 'एमडीएफ चालेल का?' चालणार नसेल तर तो खुलासा सगळ्यांना लागू होतो, आणि मग खरी स्पर्धा सुरू होते. सागवान घेताना डेपोची किंवा सॉ मिलची पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवा. सातपुड्याच्या पट्ट्यात याची विचारपूस होतेच, आणि व्हायलाच हवी.

माल कुठे पोचवायचा, ही यादी बहुधा निविदेच्या शेवटच्या पानांवर असते. नंदुरबारचं काम म्हणून दर द्याल आणि यादीत धडगाव, अक्कलकुवा, तळोदा निघेल. ३ मिलिमीटर काच बसवलेल्या १८ बाय २४ च्या फ्रेममध्ये नुसती काचच दोन किलोची असते. घाटातून टेम्पो जाताना कोपऱ्यांना पुठ्ठा आणि दोन फ्रेममध्ये थर्माकोल नसेल तर काचा फुटणारच. अॅक्रिलिक निम्म्याहून हलकं असतं, पण निविदेत काच म्हटलं असेल तर काचच द्या.

फ्रेमवर राजमुद्रा कोरायला कोणी तोंडी सांगितलं तर करू नका. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे, लेखी आदेश हवा.

पैसे. सरकारी बिल उशिरा निघतं, हे ऐकून बरेच जण मागे फिरतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याने चक्रवाढ व्याज लागतं. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून माल पोचवल्याच्या चलनावर तारीख, सही आणि शिक्का, तिन्ही घेतल्याशिवाय टेम्पो हलू द्यायचा नाही. एका ऑफिसात शिपायाने सही दिली, शिक्क्यासाठी 'उद्या या' म्हणाला. आमचा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला, शिक्का घेऊनच परतला. पुढे बिल अडलं तेव्हा त्याच चलनावर ते सुटलं. तरीही नाहीच सुटलं तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. तिथून ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे अडलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे, जाते.

मोठ्या निविदेआधी गावच्या शाळेची, ग्रामपंचायतीची चार-पाच फ्रेमची कामं घ्या आणि प्रत्येकाचं कार्यादेशाचं पत्र आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागून घ्या. पुढे निविदेत अनुभव विचारला की हेच कागद लागतात. मार्चअखेरीला निधी खर्चायची घाई असते आणि ऑर्डरी एकदम येतात. त्या वेळी ओलं लाकूड घेऊन वाळवायला सवड नसते. दिवाळीनंतर पट्ट्या फाडून सावलीत, मध्ये काड्या घालून रचायला लागा.