डेझर्टमधल्या कच्च्या रस्त्यांसाठी रोड ॲटलस घेताना काय बघायचं

इकडे कॅलिफोर्निया-ॲरिझोना साइडला राहणाऱ्या आपल्या मंडळींची एक ठरलेली ट्रिप असते, भारतातून आईबाबा आले की वेगास, ग्रँड कॅन्यन आणि जमलं तर डेथ व्हॅली. तेवढ्याला फोनवरचा मॅप पुरतो, रस्ते सगळे डांबरी असतात. पण डांबर सोडून आत शिरायची हौस लागली, म्हणजे डेथ व्हॅलीतला रेसट्रॅक (हे एका कोरड्या तळ्याचं नाव), मोहावे रोड किंवा युटाहमधले कॅन्यनकडे जाणारे मातीचे रस्ते, की गाडीत कागदाचा ॲटलस पाहिजेच. रेंज नसते हे तर आहेच, त्यावर ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवता येतो आणि तो ठेवाच, पण खरी अडचण अशी की फोन तुम्हाला सगळ्यात जवळची रेघ काढून देतो आणि ती रेघ पक्क्या मातीची आहे, वाळूची आहे की दगडांच्या पायऱ्यांची आहे हे त्याला बऱ्याचदा माहीतच नसतं. आजूबाजूचा मुलुखही त्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, त्यामुळे पुढे रस्ता बंद निघाला तर दुसरीकडून कुठून बाहेर पडायचं ते सुचत नाही. डेथ व्हॅली नॅशनल पार्क स्वतःच लोकांना सांगतं की फक्त जीपीएसच्या भरवशावर आत जाऊ नका.

सगळ्यात आधी, अख्ख्या अमेरिकेचा एकच जाडजूड ॲटलस मिळतो तो या कामाचा नाही. हायवेसाठी तो छान आहे, पण आख्खं नेवाडा एक-दोन पानांत बसवलेलं असतं, त्यात मातीचे रस्ते कुठून येणार. आपल्याला हवा तो एकेका राज्याचा मोठ्या आकाराचा ॲटलस. यात दोन नावं सगळीकडे ऐकायला मिळतात. एक डेलॉर्म, ही मेन राज्यात १९७६ मध्ये सुरू झालेली कंपनी, २०१६ मध्ये गार्मिनने घेतली, पण लोक अजून डेलॉर्मच म्हणतात. दुसरं बेंचमार्क, ओरेगनमधल्या मेडफर्डचे, यांचा भर पश्चिमेकडच्या राज्यांवर. दोन्ही तीस डॉलरच्या आसपास येतात. माझं मत विचाराल तर डेझर्टसाठी पहिला ॲटलस बेंचमार्कचा घ्या, कारण त्यात डोंगर, दऱ्या, सपाट भाग हे रंग आणि सावल्यांनी इतकं स्वच्छ दाखवलेलं असतं की पान उघडल्यावर मुलुख समोर उभा राहतो. डेलॉर्ममध्ये कॉन्टूर लाइन्स (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) असतात आणि बारीकसारीक रस्ते जास्त दिसतात, ज्यांना कॉन्टूर वाचायची सवय आहे त्यांना तो आवडतो, पण त्यातले काही बारीक रस्ते जमिनीवर शोधायला गेलं तर सापडत नाहीत हेही तितकंच खरं. हौस आणि बजेट असेल तर दोन्ही ठेवा, एकात दिसलेला रस्ता दुसऱ्यात नसेल तर तिथेच सावध व्हायचं.

स्केलकडे लक्ष द्या. १:२,५०,००० असं लिहिलं असेल तर कागदावरचा १ इंच म्हणजे जमिनीवर साधारण ४ मैल. कच्च्या रस्त्यांच्या प्लॅनिंगला हे बरं पडतं, याच्यापेक्षा फार लहान स्केल, म्हणजे १ इंचात कितीतरी जास्त मैल बसवलेलं, घेतलं की वळणं आणि फाटे गायब होतात. वेगवेगळ्या राज्यांच्या ॲटलसचं स्केल वेगळं असतं, एकाच कंपनीचं असलं तरी, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या ॲटलसवर बोटाने अंतर मोजायची सवय झाली असेल तर तीच सवय दुसऱ्या राज्याच्या ॲटलसला लावू नका.

आता मुख्य गोष्ट. दुकानात ॲटलस हातात घेतला की कव्हर आणि फोटो बघत बसू नका, सरळ खुणांची सूची (लेजंड) काढा आणि रस्त्यांचे प्रकार किती केलेत ते बघा. डांबरी, खडी किंवा मातीचा चांगला, साधा कच्चा, आणि फोर व्हील ड्राइव्हच लागेल असा, एवढे तरी वेगळे दिसले पाहिजेत. मग एक टेस्ट करा, कॅलिफोर्नियाचा ॲटलस असेल तर डेथ व्हॅलीचं पान काढून युबेहेबे क्रेटर शोधा, तिथून दक्षिणेला रेसट्रॅककडे जाणारा साधारण २७ मैलांचा रस्ता दिसेल, मध्ये टीकेटल जंक्शन लागतं जिथे लोक पाटीला किटल्या लटकवून जातात. हा रस्ता खडबडीत आहे, टायर फाडणारे दगड आहेत, पण उंच गाडी आणि दणकट टायर असतील तर लोक जातात. याच रस्त्याच्या पुढच्या टोकाहून लिपिनकॉट रोड खाली सलाइन व्हॅलीत उतरतो आणि तो मात्र वेगळंच प्रकरण आहे, अरुंद, एका बाजूला दरी, चांगला सराव असलेल्या ड्रायव्हरने फोर बाय फोर घेऊनच जावं असा. तुमच्या हातातल्या ॲटलसमध्ये हे दोन रस्ते वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेत का बघा. दोन्ही सारखेच दिसत असतील तर तो ॲटलस परत ठेवून द्या, बाकी कितीही सुंदर असला तरी, कारण ज्या एका गोष्टीसाठी आपण तो घेतोय तीच त्यात नाही. (दुसऱ्या राज्याचा असेल तर तुम्हाला माहितीतल्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर हीच टेस्ट करा.)

दुसरं बघायचं ते जमीन कोणाची. इकडच्या वाळवंटाचा प्रचंड भाग सरकारी आहे, नेवाडात तर साधारण ८० टक्के जमीन फेडरल सरकारची, पण सरकारी म्हणजे सगळीकडे सारखे नियम असं अजिबात नाही. बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनी सांभाळणारं फेडरल खातं) जमिनीवर बऱ्याच ठिकाणी कुठेही तंबू टाकता येतो, नॅशनल पार्कमध्ये नियम कडक, नवाहो नेशनच्या (नवाहो आदिवासींचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश) आतल्या रस्त्यांवर फिरायला आणि मुक्कामाला त्यांची परवानगी लागते, ॲरिझोनात स्टेट ट्रस्टच्या (राज्य सरकारकडच्या) जमिनीला परमिट लागतं आणि दक्षिण ॲरिझोनातली गोल्डवॉटर रेंज तर लष्कराच्या सरावाची जागा आहे, परमिटशिवाय आत जायचंच नाही. चांगल्या ॲटलसमध्ये हे सगळं रंगांनी दाखवलेलं असतं. बीएलएमच्या स्वतःच्या नकाशांत त्यांची जमीन पिवळी, फॉरेस्टची हिरवी आणि खासगी पांढरी असते, ॲटलसवाले आपापले रंग थोडे बदलतात म्हणून सूची बघून घ्या.

याच्याशीच जोडलेला मुद्दा म्हणजे एडिशन. सेकंडहँड दुकानात जुने ॲटलस पाच डॉलरला मिळतात आणि मोह होतो, पण १९९४ मध्ये कॅलिफोर्निया डेझर्ट प्रोटेक्शन ॲक्ट आला, डेथ व्हॅली नॅशनल पार्क झालं, मोहावे नॅशनल प्रिझर्व्ह तयार झालं आणि लाखो एकर जमीन विल्डरनेस म्हणून जाहीर झाली. विल्डरनेसमध्ये गाडी न्यायला बंदी असते, त्यामुळे तिथले कितीतरी जुने ट्रॅक गाड्यांना बंद झाले. २०१९ मध्ये त्यात आणखी भर पडली. जुन्या ॲटलसमध्ये ते रस्ते बिनधास्त छापलेले दिसतात. म्हणून आतल्या पानावर छापल्याचं साल बघूनच घ्या, भिंतीवर लावायला जुना चालेल, गाडीत नवाच.

आणि नवा ॲटलस असला तरी आजचा रस्ता कसा आहे ते कागद सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने डेथ व्हॅलीतले रस्ते इतके वाहून गेले की पार्क जवळपास दोन महिने बंद होतं. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर रस्त्यांची स्थिती बघायची आणि पोचल्यावर रेंजरला ॲटलसचं पान उघडून दाखवून विचारायचं, बोट ठेवून विचारलं की ते फार मनापासून सांगतात.

पान वाचताना काही खुणा नीट ओळखायला शिका. तुटक निळी रेघ म्हणजे वॉश, एरवी कोरडा असणारा ओढा. रस्ता बराच वेळ वॉशमधूनच जात असेल तर मऊ वाळू मिळणार आणि लांब डोंगरावर पाऊस पडला तरी पाणी तिथे येणार, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. ड्राय लेक म्हणून दाखवलेली जागा पावसानंतर चिखल असते, गाडी घालू नका. स्प्रिंगची खूण दिसली म्हणून पाण्याचा हिशोब तिच्यावर करू नका, बरेच झरे आटलेले असतात, पाणी घरूनच न्यायचं आणि भरपूर न्यायचं. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ डिग्री सेल्सिअसची नोंद आहे, त्यामुळे आईबाबा जून-जुलैत आले असतील तर कच्च्या रस्त्यांचा विषय तेव्हा काढूच नका, नोव्हेंबर ते मार्च हेच दिवस.

पानाच्या कडेला अक्षांश-रेखांशाचे आकडे आहेत का तेही तपासा. मदत मागायची वेळ आली, सॅटेलाइट मेसेंजरवरून का होईना, तर आपण कुठे आहोत हे आकड्यांत सांगता आलं पाहिजे आणि फोनवर दिसणारे आकडे कागदावर शोधता आले पाहिजेत. घरी डायनिंग टेबलवर एकदा प्रॅक्टिस करा, मुलांना पण यात मजा येते.

ॲटलस हा प्लॅनिंगचा पाया, त्याच्यावर त्या त्या जागेचा मोठा नकाशा लागतो. डेथ व्हॅलीसाठी नॅशनल जिओग्राफिकचा ट्रेल्स इलस्ट्रेटेड घडीचा नकाशा घ्या, तो पाण्याने भिजत नाही आणि सहज फाटत नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर त्यांचा मोटर व्हेईकल यूज मॅप फुकट मिळतो, दिसायला अगदी रुक्ष, डोंगर वगैरे काही नाही, पण कुठल्या रस्त्यावर गाडी कायद्याने चालते हे त्यातच कळतं. यूएसजीएसचे (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) १:२४,००० चे टोपो, म्हणजे चढउतार दाखवणारे, नकाशे पण फुकट डाउनलोड होतात, शेवटचे पाच-दहा मैल अवघड असतील तर तेवढीच पानं प्रिंट करून ॲटलसमध्ये खोचून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर मात्र आधी करार वाचा, बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई करतात आणि टायर फुटला तर टोइंगचा खर्च तुमच्या डोक्यावर येतो.

राहिलं एक, राज्याची हद्द. ॲटलस राज्यापुरता असतो आणि वाळवंट हद्दीवर थांबत नाही. टायटस कॅन्यनचंच घ्या, कॅन्यन डेथ व्हॅलीतला, पण रस्ता वन वे आहे आणि त्याची सुरुवात नेवाडात बेटी (Beatty) गावाच्या बाजूने होते. नुसता कॅलिफोर्नियाचा ॲटलस घेऊन गेलात तर सुरुवातच कडेच्या पट्टीत जेमतेम दिसते, म्हणून विकत घ्यायच्या आधी कडेची पानं उघडून हद्दीपलीकडचं किती दाखवलंय ते बघा, आणि नेवाडाकडून येणार असाल तर त्याचाही ॲटलस सोबत घ्या.