येझदी धापा टाकते? कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडा

पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आयडललाही ठीक असते, पण तिसऱ्या गिअरला रेस दिली की गुदमरते. चढ लागला की मिसिंग. जावा किंवा येझदी 250 ही जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल या तक्रारीसह गॅरेजात गेली की पहिला हात बहुतेक वेळा कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, लागतो. माझ्या 1982च्या येझदीचा कार्बोरेटर चार महिन्यांत तीनदा उघडला गेला, जेट (पेट्रोल जाण्याचे बारीक भोक) बदलले, नीडल (ते पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) बदलली. दोष निघाला क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या, रबरी ऑइल सीलमध्ये.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून या गाड्या 1961 ते 1996 या काळात बाहेर पडल्या. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटीही आज तिशीच्या आसपास आहे. लोखंड टिकते, रबर, वायर आणि कंडेन्सर (इग्निशनमधला छोटा विजेचा भाग) टिकत नाहीत. म्हणून पुढचा क्रम सोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

आधी पेट्रोल

इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, कार्बोरेटरकडचा पाइप काढा, बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. तुटक पडत असेल तर कॉकची जाळी साफ करा. धार आधी चांगली आणि मिनिटभराने बारीक होत असेल तर टाकीचे झाकण उघडून बघा. झाकण उघडताच धार वाढली, तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. आठ-दहा किलोमीटरवर बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत हे हमखास तपासा.

महिनोन् महिने उभ्या गाडीतले पेट्रोल सरळ काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुने रबरी पाइप फुगवते. टू-स्ट्रोक तेल लिटरला साधारण 40 मिली पुरते. ‘चार थेंब जास्त घातले तर इंजिन सुरक्षित’ हे खरे नाही. तेल वाढले की तेवढे पेट्रोल कमी जाते, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते, आणि वर कार्बन साचतो तो वेगळाच.

मग स्पार्क

सांडलेले पेट्रोल पुसा, बाटली दूर ठेवा. प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, टच्चून आवाज करणारी हवी. पिवळट, अशक्त ठिणगी दिसली तर आधी बॅटरी तपासा; 6 व्होल्टच्या गाडीत बॅटरी उतरली की इग्निशनही उतरते. मग उजवीकडचे डायनामोचे कव्हर काढा. तिथले पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडले असतील तर बारीक फाइल फिरवा, कागदाने पुसा, गॅप फीलर गेजने 0.4 मिमी ठेवा. अंधारात पॉइंटवरच मोठी ठिणगी उडताना दिसली तर कंडेन्सर गेला. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल तर कंडेन्सर आणि कॉइल या दोघांवर संशय घ्या. प्लगचा गॅप 0.6 मिमी. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) थोडे सरकते, तेव्हा पॉइंट आधी, टायमिंग नंतर.

सायलेन्सर

दोन्ही सायलेन्सरच्या शेवटी हात धरा. एका बाजूची हवा कमी लागत असेल तर आतल्या नळीत कार्बन आहे. नळी बाहेर काढा, खरवडा. चिवट थर असेल तर कॉस्टिक सोड्यात भिजत ठेवतात, पण हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय नको, आणि तो सोडा ॲल्युमिनियमच्या भागांना लागू देऊ नका.

ऑइल सील: इथे घाई नको

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हासुद्धा एक पंप असतो. पिस्टन वर गेला की तिथे ओढ तयार होते, खाली आला की दाब. क्रँकच्या दोन टोकांची सील हा दाब सांभाळतात. ती कडक झाली की पंप फुटका.

येझदीत डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच. तिकडची सील गेली की इंजिन गिअर ऑइल पिते: पांढरा दाट धूर, प्लग ओला, आणि बाहेर एक थेंबही न गळता गिअर ऑइल कमी होत जाते. गिअर ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहा. उजवीकडे डायनामो. तिकडची सील गेली की बाहेरची हवा आत येते: रेस सोडली तरी आवाज पटकन उतरत नाही, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते. असली गाडी घाटात नेऊ नका, पिस्टन जाम होतो.

खात्री करायची माझी पद्धत: बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि मीटर. जुन्या प्लगचे पोर्सिलेन काढून त्याच्या बुडात नळी बसवा. पिस्टन पूर्ण खाली आणा. कार्बोरेटर काढून इनटेकला आणि दोन्ही एक्झॉस्ट पोर्टना रबराचे बूच घट्ट बसवा. फुगा दाबत मीटरचा काटा 300 मिमी (पारा) पर्यंत न्या, म्हणजे साधारण 6 पीएसआय. याच्या वर जाऊ नका. मिनिटभरात काटा 50 पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. सिलिंडरच्या बुडाशी आणि डायनामोच्या बाजूला साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील. फेस कुठेच हलला नाही तर गिअर ऑइलच्या भोकाला कान लावा. माझ्या येझदीत तिथूनच बारीक ‘सूं’ ऐकू आली होती.

सील बदलणे हे पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचे अवजार) असलेल्या, या गाड्या हाताळलेल्या माणसाचेच काम. इंजिन उघडले आहे तर दोन्ही सील एकदमच बदलून घ्या.

आणि आता कार्बोरेटर

आधी त्याचा इंजिनला जोडलेला सांधा बघा. बोल्ट आवळून आवळून फ्लँज (सांध्याची सपाट कड) वाकतो. आयडलला सांध्याभोवती ग्रीस लावा. आवाज बदलला तर हवा तिथून घुसतेय. फ्लँज काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा, नवी गॅस्केट घाला.

जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. पेट्रोलने धुऊन हवा मारा, जेट उजेडात धरून भोक आरपार दिसते का बघा. फ्लोट (कार्बोरेटरमधला पोकळ, तरंगणारा भाग) हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ऐका. या सगळ्यानंतरच नीडलची खाच बदला, एका वेळी एक.

मग नवा प्लग घाला आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला दोनेक किलोमीटर अर्ध्या रेसवर चालवा. तशीच रेस असताना क्लच दाबून चावी बंद करा, कडेला थांबा, प्लग काढा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळा, काजळी धरलेला असेल तर नीडल एक खाच खाली. पांढरा असेल तर नीडलला हात न लावता पुन्हा उजव्या सीलकडे जा.