आपल्या जारमध्ये दुसऱ्याचं पाणी: वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

मार्च लागला की नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या पाण्याच्या जारवाल्यांना एक फोन ठरलेला: "दादा, जार तुमचाच आहे, पण पाण्याला वास मारतोय." आपली गाडी तर त्या गल्लीत महिनाभर फिरकलेली नसते. मला तो फोन गेल्या उन्हाळ्यात पाथर्डी फाट्याकडच्या एका मंगल कार्यालयातून आला. जाऊन बघतो तर आमचं नाव कोरलेले आठ जार, वर साधी निळी टोपी, सीलचा पत्ता नाही. मी तिथूनच ते जार भरणाऱ्या प्लांटवाल्याला फोन लावून तोंड सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गोदामात आमचा एकही जार नव्हता. म्हणून तयारीच्या यादीतली पहिली गोष्ट करायची नाही, टाळायची आहे: फोन करू नका.

मग आधी स्वतःचं गोदाम बघा. लग्नसराईत जारांची सरमिसळ होतेच. आपल्याकडेही दुसऱ्यांचे पाच-पंचवीस पडलेले असतात, आणि खरं बोलायचं तर घाईत पोरं ते भरूनही टाकतात. ते आजच बाजूला काढा, मोजा, ज्याचे त्याला परत करून सहीची पोच घ्या. मनाई हुकूम मागायला जाणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात, आणि समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.

आपल्याकडे 'अनुचित स्पर्धा' नावाचा वेगळा कायदा नाही. स्पर्धा आयोगाकडे धावूनही उपयोग नाही. तो संगनमत, बाजारावरची पकड असल्या गोष्टी बघतो. नाव नोंदलेलं असेल तर ट्रेडमार्क कायदा, १९९९. नसेल तर 'पासिंग ऑफ', म्हणजे स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्धचा दावा. त्यात बाजारातली आपली पत, गिऱ्हाइकाची फसगत आणि आपलं नुकसान ही तिन्ही दाखवावी लागतात. पण नोंदणी असो वा नसो, याच कायद्याचं कलम १०२ एकदा स्वतः वाचा. दुसऱ्याचं चिन्ह असलेल्या वेष्टनात त्याच्या संमतीशिवाय, त्याचा अस्सल माल सोडून भलताच माल भरणं, हे तिथे सरळ लिहिलेलं आहे. वेष्टनाच्या व्याख्येत बाटली, झाकण, बूचसुद्धा येतं. कलम १०३ खाली शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये.

यावरून पुराव्याचं एक नक्की होतं. जार आपला आहे हे सिद्ध करण्यात आपण सगळे जीव आटवतो, डिपॉझिटची वही काढून बसतो. तो सांगेल, "भंगारवाल्याकडून विकत घेतला." सांगू द्या. प्लास्टिक त्याचं असेलही. आत कोणाचं पाणी आहे आणि गिऱ्हाइकाला ते कोणाचं वाटतंय, भांडण एवढ्याचंच आहे. डिपॉझिटची वही न्या, पण फाइलच्या तळाशी ठेवा.

तेव्हा ओळखीच्या माणसाकरवी दोन वेगळ्या ठिकाणांहून भरलेले जार विकत घ्या. बिल मागा, मिळालं नाही तर पैसे यूपीआयने द्या, म्हणजे तारीख आणि पैसे घेणाऱ्याचं नाव राहतं. एक जार टोपीला हात न लावता, तारीख घालून, सावलीत कुलपात. फोटो मोबाइलवर काढले तर मूळ फोन जपा, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं; व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो वकिलाच्या कपाळावर आठी आणतो. टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा प्लांटच्या रोजच्या नोंदवहीशी ताडून बघा. त्यानं एकट्यानं काही सिद्ध होत नाही, आधार मात्र मिळतो. टोपी, सील, बॅच नंबर यांतला फरक त्याहून बोलका. आमचं नाव तसंच ठेवून त्यानं वर स्वतःचा स्टिकर लावला असेल, तर तेही लपवू नका. "गिऱ्हाइकाला ठाऊक होतं" हा त्याचा बचाव तिथूनच येणार. आणि फोन करणाऱ्या त्या गिऱ्हाइकाकडून दोन ओळी लिहून घ्या. लग्न उरकलं की कुणाला काही आठवत नाही.

कागदांचं थोडक्यात. ट्रेडमार्क नोंदणीत पाणी ३२व्या वर्गात येतं. प्रमाणपत्र काढून नूतनीकरणाची तारीख बघा, नोंदणी दहा वर्षांचीच असते. नोंदणीच नसेल तर अर्ज आजच टाका. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे. अन्न परवाना, वर्षवार विक्री, स्टिकर छपाईची बिलं हे सगळं पत दाखवायला लागतं.

नोटीस वकिलाच्या हातूनच जाऊ द्या. बिनबुडाची धमकी दिली तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली तोच आपल्यावर दावा लावू शकतो. दावा सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात. इथे उशीर महाग पडतो: व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात पक्कं केलं, आणि सूट फक्त तातडीचा हुकूम मागणाऱ्याला. सहा महिने गप्प बसून तातडी कशी सांगणार? म्हणून पहिला फोन कधी आला ते वहीत लिहा. पोलिसांत जायचं तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटविना जप्ती करू शकतो, पण त्याआधी त्याला ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. तेव्हा त्याच संध्याकाळी धाड पडेल या भरवशावर राहू नका.

मध्यस्थीला बसावं लागलं तर मागणी आधीच लिहून न्या. मी फक्त पैसे मागत बसलो होतो. आता लिहिलं असतं ते असं: एकमेकांचे जार भरायचे नाहीत, दर रविवारी अदलाबदल, मोजून, दोघांच्या सहीनं. २०२७ च्या सिंहस्थात किती जार कुठे कुठे जातील, त्याआधी ही सही झालेली बरी.