पोरगं शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आलंय? मग घरच्यांनी हे सांभाळा

टीममध्ये नाव आलं की घरात पेढे येतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, आणि त्याच दिवसापासून पोराला टेन्शन सुरू होतं कारण आता सगळे विचारणार, जिंकलात का?

आधी स्पर्धा कशी चालते ते स्वतः समजून घ्या. सुब्रोतो कप ही शाळांची फुटबॉल स्पर्धा 1960 पासून चालू आहे, त्यात जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि त्यानंतर देशपातळी, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर एक टीम पुढे जाते आणि बाकी सगळ्या चांगल्या चांगल्या टीम घरी येतात. हे पोराला मॅचच्या आधीच सांगा, हरल्यावर सांगितलं तर ते नुसतं समजूत काढल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त जपायचा तो परतीचा प्रवास. पावसाळ्यात आझाद मैदानातून निघालात, बुटांच्या स्टडला चिखल, मोजे ओले, सीएसएमटीपर्यंत तो गप्प चालतोय, अशा वेळी "तो पास का नाही दिलास?" हे अजिबात नको. कोच त्याला आहे, अजून एक घरात कशाला. भूक लागलीय का विचारा, वडापाव घेऊन द्या, लोकलमध्ये खिडकी मिळाली तर बसू द्या. तो स्वतःहून बोलायला लागला तर ऐका आणि मधेच "पण तू" करू नका, मला विचाराल तर एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

मैदानाबाहेरून "शूट कर, शूट कर" ओरडणं पण बंद, कारण आतून कोच पास दे सांगत असतो आणि पोरगं मधल्या मधे अडकतं. टाळ्या वाजवा, दोन्ही टीमसाठी.

डोक्याला मार लागला तर मात्र काही ऐकून घेऊ नका. हेडरला, म्हणजे बॉल डोक्याने मारताना, डोकी आदळली आणि नंतर चक्कर, उलटी, धूसर दिसणं किंवा तेच तेच परत विचारणं असलं काही दिसलं तर त्या दिवशी परत खेळायचं नाही, फायनल असली तरी नाही, सरळ डॉक्टरकडे. जागा जाईल म्हणून पोरं हे लपवतात हो, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की सांगितलंस तर कोणी रागावणार नाही.

मॅचच्या आदल्या रात्री झोप न येणं चालतं. पण दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, प्रॅक्टिसच्या वेळेलाच पोटात दुखतं, मित्रांशी पण बोलत नाही, तर त्याला शांतपणे विचारा आणि डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दहावी असेल तर जूनमध्येच कोचला भेटून प्रिलिमच्या तारखा देऊन या. क्रीडा गुणांसाठी कुठली पातळी लागते ते शाळेच्या ऑफिसात विचारा, प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, सर्टिफिकेट मिळाल्या मिळाल्या झेरॉक्स काढून ओरिजिनल घरी फाइलला लावा.